गाडी हीट मारत असेल तर आधी इथे दाखवा: नाना पेठेतलं रेडिएटरचं दुकान

रेडिएटरच्या, म्हणजे इंजिनमधून येणारं गरम पाणी थंड करणाऱ्या जाळीच्या, कामासाठी पुण्यात कुठे जायचं असं कुणी विचारलं तर मी आता नाना पेठेतलं हे छोटं दुकान सांगते, आणि कारण एकच आहे, इथे पार्ट बदलायच्या आधी तो खरंच गेलाय का हे तपासतात आणि तपासलेलं आपल्याला उभं करून दाखवतात. पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला ते खाली लिहिलंय. रिव्ह्यू लांबलाय, पण गाडी गरम होण्याबद्दल मराठीत कुणी नीट लिहिलेलं मला तेव्हा मिळालं नव्हतं, म्हणून सगळं लिहून ठेवतेय, कुणाच्या तरी कामाला येईल.

गाडी म्हणजे बारा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअरची. माझं माहेर पाचगणीच्या बाजूला त्यामुळे पसरणी घाट आमच्या नेहमीचा. शहरात गाडीला काहीच नाही, कोथरूड ते हडपसर ट्रॅफिकमध्ये सुद्धा टेंपरेचरचा काटा मध्यावर, खंबाटकी चढताना जरा वर सरकायचा, सुरूर फाट्याला वळून वाईपर्यंत परत जागेवर आणि मग पसरणी अर्धा चढला की काटा लालच्या जवळ आणि एसीतून गरम हवा. (एसी बिघडला असं आम्हाला वाटायचं पण तसं नसतं, बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिन जास्त तापलं की कॉम्प्युटर स्वतःच कॉम्प्रेसर बंद करतो, इंजिनवरचा भार कमी व्हावा म्हणून.) बाजूला लावून थांबलं की काटा उतरायचा. आणि दुसरी गोष्ट म्हणजे कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात मिसळायचं रसायन) बाटली हळूहळू रिकामी होत होती पण पार्किंगमध्ये गाडीखाली एक थेंब नाही.

घराजवळच्या एका गॅरेजमध्ये आधी बरेच महिने नुसतं पाणी टाकून दिलं, नळाचं. मग एकदा बॉनेट उघडून दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं की हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील) गेलंय, इंजिन खोलावं लागेल, पंचवीस ते तीस हजार धरून चला. कशावरून म्हणताय विचारलं तर "अनुभवावरून". कुठली टेस्ट नाही, काही नाही. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, पण तीस हजाराचं काम सांगताना एक साधी तपासणी करून दाखवायला काय हरकत होती हा राग मला अजून आहे.

तर हे दुकान. बाहेरून बघितलं तर काही वाटणार नाही, एक शटर, समोर रस्त्यावरच गाडी उभी करायची, आत भिंतीला जुन्या रेडिएटरच्या जाळ्या टांगलेल्या, ट्रॅक्टरचे तांब्या-पितळेचे मोठे रेडिएटर, कोपऱ्यात लीकेज बघायची पाण्याची हौद आणि डाग द्यायची, म्हणजे धातू वितळवून सांधे जोडायची भट्टी. चालवणारे चाचा साठीचे असतील, सोबत दोन पोरं. नाना पेठेत स्पेअर पार्टची दुकानं एकाला लागून एक आहेत त्यामुळे काही लागलं की पाच मिनिटांत हातात.

चाचांनी बॉनेट उघडलंच नाही आधी. पहिलाच प्रश्न, "ताई, गरम कुठे होते, सिग्नलला का घाटात?" हा प्रश्न मला त्याआधी कुणीच विचारला नव्हता आणि अर्धं निदान तिथेच होतं हे नंतर कळलं. त्यांनी समजावलं ते असं की सिग्नलला उभी असताना गरम होत असेल आणि हायवेला पळायला लागली की थंड होत असेल तर संशय फॅनवर, कारण पळताना वारा आपोआप लागतो, उभी असताना फॅनच सगळं करतो. उलट शहरात ठीक आणि घाटात किंवा लांब हायवेला लोडवर गरम होत असेल तर पाणी नीट फिरत नाहीये किंवा रेडिएटर अर्धा बंद पडलाय. शहरात इंजिन कमीच उष्णता टाकतं, अर्धा रेडिएटर चालू असला तरी भागतं, दुसऱ्या गिअरमध्ये चार माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना मात्र त्याला पूर्ण जाळी लागते.

मग गाडी थंड व्हायला ठेवली. मी घाईत होते पण ते ऐकेनात, म्हणाले गरम गाडीचं झाकण मी माझ्या पोरांना पण उघडू देत नाही. बरोबरच आहे, आतलं पाणी शंभरच्या वर तापलेलं असू शकतं, दाबामुळे उकळत नाही एवढंच, झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. ज्यांच्या घरी हात भाजून घेतलेला माणूस आहे त्यांना सांगायला नको.

थंड झाल्यावर पहिलं ते झाकणच तपासलं. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो तो दाबाचा, बारमध्ये. प्रेशर कुकरच्या शिट्टीचं जे काम तेच ह्या झाकणाच्या स्प्रिंगचं. उघड्या भांड्यात पाणी १०० ला उकळतं, महाबळेश्वरसारख्या साधारण १३५० मीटर उंचीवर तर ९५ च्या आसपासच, पण ०.९ चं झाकण नीट धरत असेल तर तेच पाणी वर घाटमाथ्यावर सुद्धा ११५ च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की हा सगळा फायदा गेला, पाणी बाटलीत ढकललं जातं आणि बाटलीतून बाहेर. दोनशे-अडीचशे रुपयांची वस्तू आहे. आमच्या झाकणाचं रबर चिरलेलं होतंच, पण चाचा म्हणाले एवढ्यावर नाही थांबायचं, हे एक कारण आहे, अजून बघू.

मग झाकणाच्या जागी हातपंप लावला, त्यावर दाबाचा काटा असतो, एक बारपर्यंत दाब भरला आणि मला म्हणाले काट्यावर लक्ष ठेवा. काटा सावकाश उतरायला लागला. म्हणजे कुठेतरी गळतंय हे नक्की, आता कुठे ते शोधायचं. टॉर्च मारून दाखवलं, रेडिएटरची वरची काळी प्लास्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे पत्र्याच्या दातांनी दाबून जोडलेली असते त्या सांध्यावर एका कोपऱ्यात पांढरट-हिरवट मिठासारखा थर जमलेला, आणि दाब भरल्यावर तिथेच बारीक ओल येत होती. खाली थेंब का पडत नव्हता त्याचं उत्तर हे, गाडी गरम असताना दाबाने बाहेर येतं, गरम जाळीवरच वाळून जातं, मागे फक्त थर राहतो. गाडीतून उतरल्यावर गोडसर वास येतो तो ह्याचाच. हा वास तुम्हाला येत असेल तर दुर्लक्ष करू नका.

आता मी हेड गॅस्केटचं विचारलं कारण डोक्यात तीस हजारच होते. चाचा हसले नाहीत, चिडले पण नाहीत, म्हणाले ते पण बघून घेऊ, मनात शंका ठेवून जायचं नाही. एका काचेच्या नळीत निळं औषध घातलं, रेडिएटरच्या तोंडावर लावलं, इंजिन चालू करून आतली हवा त्या औषधातून ओढली. हेड गॅस्केट फुटलेलं असेल तर इंजिनमधला जळालेला गॅस पाण्यात शिरतो आणि पेट्रोल गाडीत ते निळं पिवळं पडतं. आमचं निळंच राहिलं. वर ऑइलची काडी काढून दाखवली, ऑइलच्या झाकणाची आतली बाजू दाखवली, कुठे दुधाळ मलईसारखं काही नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, थंड इंजिन सुरू केल्या केल्या रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) कडक होत नाही. सगळं मिळून पाव तास लागला असेल. ह्या पाव तासाने माझे पंचवीस-तीस हजार वाचवले आणि इंजिन न खोलण्याचं समाधानही दिलं, आणि हेच आधीच्या ठिकाणी झालं असतं तर मी एवढे महिने धास्तीत गाडी चालवली नसती.

पुढची टेस्ट मला सगळ्यात आवडली. इंजिन पूर्ण गरम झालं, फॅन सुरू होऊन बंद झाला (म्हणजे फॅन, रिले, सेन्सर ठीक), मग टेंपरेचरची गन घेऊन चाचांनी जाळीवर ओळीने वाचन घेतलं आणि पोराला सांगून खडूने कागदावर आकडे मांडले. पाणी जिथून आत येतं तिथून बाहेर जाण्याच्या बाजूला आकडे हळूहळू कमी व्हायला हवेत. आमच्याकडे मधला मोठा पट्टा आजूबाजूपेक्षा एकदम थंड. थंड म्हणजे चांगलं असं वाटतं पण इथे उलट, तिथून गरम पाणी जातच नाहीये, नळ्या आतून बुजल्यात. नळाचं आणि बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं टाकलं की आत क्षार बसतात, जसे आपल्याकडे गीझरच्या कॉइलवर बसतात, आणि नुसतं पाणी असलं की ॲल्युमिनियम गंजून त्याचाही चोथा फिरत राहतो. कूलंट हे फक्त थंडीत गोठू नये म्हणून असतं, आपल्याकडे काय गरज, असं म्हणणारे खूप भेटतात. आपल्याकडे त्याची खरी गरज गंज रोखायला आणि उकळबिंदू वाढवायला आहे.

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) पण काढून बघितला, पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर, खाली गॅस. त्यावर ८२ छापलेलं होतं आणि त्याच्या आसपास तो उघडायला लागला, पुढे पूर्ण उघडला. "हा चांगलाय, हा ठेवा, उगाच पैसे घालू नका." नवीन थर्मोस्टॅट खपवायची सोपी संधी होती, त्यांनी सोडून दिली. थर्मोस्टॅटची गॅस्केट मात्र नवीन टाकली.

आता दुरुस्ती का बदली. मी विचारलं की तुमच्याकडे भट्टी आहे, डाग देऊन होणार नाही का. तर जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर खोलून, आत सळ्या फिरवून साफ करून, डाग देऊन परत वर्षानुवर्षं चालायचे आणि ट्रक-ट्रॅक्टरचे ते अजून करतात. हल्लीच्या गाड्यांमध्ये ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी, त्या बारीक चपट्या नळ्यांत सळई जात नाही, आणि टाकीचं प्लास्टिक दहा-बारा वर्षं उष्णता खाऊन ठिसूळ होतं, दात उघडून नवीन रबर बसवायला जावं तर टाकीलाच तडा जातो. नुसता सांधा गळत असता आणि जाळी चांगली असती तर रबर बदलून बघितलं असतं, पण जाळीच बुजलीये म्हटल्यावर बदलणं हेच खरं, असं ते स्पष्ट म्हणाले. गळती बंद करायच्या पावडरी, आणि हायवेला ट्रकवाले हळद टाकतात तो प्रकार, ह्याला त्यांचा ठाम विरोध. रात्री रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरतं ठीक, पण ती पावडर गळतीच्या भोकात बसते तशीच हीटरच्या बारीक नळ्यांतही बसते.

रेडिएटर तीन प्रकारात मिळतो असं सांगितलं. कंपनीच्या डब्यातला ओरिजिनल, तो सगळ्यात महाग. मग बँकोसारख्या, रेडिएटरच बनवणाऱ्या भारतीय कंपन्यांचा. आणि मग बिननावाचा लोकल, जो निम्म्या किमतीत मिळतो. लोकलची जाळी पातळ असते, हातात घेऊन वजनातच फरक कळतो, त्यांनी दोन्ही हातात दिले. मी मधला घेतला, साडेतीन हजाराच्या आत बसला, पक्कं बिल, १८ टक्के जीएसटीसकट. आणि महत्त्वाचं, पार्ट मी स्वतः समोरच्या दुकानातून जाऊन आणला, चाचांनी फक्त कागदावर मॉडेल, वर्ष आणि एसीवाली गाडी असं लिहून दिलं. म्हणजे पार्टमध्ये त्यांचं मार्जिन मला तरी दिसलं नाही. लेबर, टेस्टिंग, फ्लशिंग धरून पंधराशे घेतले. झाकण, दोन्ही होज, क्लॅम्प आणि कूलंट वेगळे. सगळं मिळून साडेसात हजाराच्या आत.

ऑटोमॅटिक गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट चाचांनी सांगितलेली इथे टाकते. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (ऑटोमॅटिकचा एक प्रकार) बऱ्याच गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल थंड करायची नळी रेडिएटरच्या टाकीतूनच जाते. ती आत फुटली तर पाणी आणि गिअर ऑइल एकत्र होतं आणि गिअरबॉक्सचं मोठं काम निघतं. त्यामुळे अशा गाडीचा रेडिएटर गळायला लागला तर अजिबात थांबू नका. एएमटीला (मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त गिअर आपोआप पडतात) हा प्रश्न नाही.

फिटिंग मी पूर्ण उभं राहून बघितलं. खालचा कॉक उघडून जुनं पाणी टबात घेतलं, गटारात सोडलं नाही, ह्यासाठी माझ्याकडून वेगळे मार्क. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं, रस्त्यावरची कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यांच्या किडन्या जातात, हे किती गॅरेजवाल्यांना माहीत असूनही रस्त्यावर ओतलेलं बघते मी. मग वरची पट्टी आणि फॅन काढला, आणि एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) गॅस न सोडता नुसते बोल्ट काढून पुढच्या बाजूला बांधून ठेवला. हे लक्षात ठेवा, काही ठिकाणी रेडिएटर काढायचा म्हणून एसीचा गॅस भरायचे पैसे सांगतात, बऱ्याच साध्या गाड्यांमध्ये त्याची गरज नसते. कंडेन्सर आणि रेडिएटर ह्यांच्या मधल्या फटीत एवढा कचरा निघाला की मी फोटो काढला, किडे, धूळ, वाईच्या रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉल्यांमधून उडालेलं पाचट, सगळं दाबून बसलेलं. समोरून पाणी मारून हे कधीच निघत नाही, मागून पुढे हलक्या प्रेशरने मारावं लागतं, जास्त प्रेशर मारलं तर फिन्स (जाळीच्या पातळ पत्र्या) वाकतात.

इंजिनच्या आतून साधं पाणी फिरवून स्वच्छ येईपर्यंत धुतलं, शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. रेडिमिक्स कॅन घेतला तर त्यात परत पाणी घालायचं नसतं, डब्यावर लिहिलेलं असतं. आणि हिरवं, निळं, गुलाबी ह्या रंगावरून काही ठरत नाही, रंग कंपनी कुठलाही टाकते, गाडीच्या पुस्तकात कुठल्या प्रकारचं सांगितलंय ते बघा आणि दोन वेगळी मिसळू नका.

शेवटी हवा काढणं, आणि ह्यात घाई केली तर नवीन रेडिएटर टाकूनही गाडी हीट मारते. गाडीचं पुढचं चाक फळीवर चढवून तोंड वर केलं, हीटर फुल गरमवर, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू, एक पोरगा होज हाताने दाबत होता आणि बुडबुडे येतील तसं वरून भरत होता, फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत. हीटरमधून चांगली कडक हवा आली म्हणजे आत हवा अडकलेली नाही. मग झाकण लावून परत एकदा दाब भरला आणि ह्यावेळी काटा हलला नाही. तो काटा न हललेला बघायला मला फार बरं वाटलं, खरंच.

आता अर्धा स्टार का कापला. पार्किंग नाही, गाडी रस्त्यावर आणि मागून सतत हॉर्न. बसायला जागा नाही, एक स्टूल आहे तेही पोरांच्या सामानाखाली, आणि बायकांसाठी टॉयलेटची सोय आसपास मला सापडली नाही, अर्धा दिवस थांबायचं म्हटल्यावर हा मोठा त्रास आहे. फोनवर अपॉइंटमेंट घेत नाहीत, जो आधी येईल त्याचं आधी. आणि लेबरची पावती हाताने लिहिलेली, काय काय टेस्ट केल्या ते मी आग्रह केला म्हणून त्यावर लिहून दिलं. गाडी विकताना किंवा पुढच्या मेकॅनिकला दाखवायला हे लागतं, त्यामुळे तुम्ही पण मागून घ्या, नाही म्हणत नाहीत.

त्यानंतर मे महिन्यात पसरणी घाट चढलो, चौघं आणि आंब्याच्या पेट्या, एसी चालू, काटा मध्यावरून हलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत बाटलीची लेव्हल बघायला सांगितली होती, नवीन काम झाल्यावर उरलेली हवा निघून थोडी उतरते, तशी उतरली, एकदा भरली, तेव्हापासून खुणेवरच आहे.

दुरुस्ती होईपर्यंत ज्यांना घाट चढायचाच आहे त्यांनी काटा चढायला लागला की एसी बंद करा, हीटर आणि ब्लोअर फुल करा (गरम होईल पण इंजिनची उष्णता तिथून निघते), आणि जागा मिळाली की बाजूला घ्या. आणि काटा लालकडे जाऊन अचानक खाली आला तर सुटलो असं समजू नका, पाणी पूर्ण गेलं असेल तर सेन्सर नुसत्या वाफेत लटकतो आणि चुकीचं दाखवू शकतो, अशा वेळी लगेच इंजिन बंद.

जायचं असेल तर सकाळी दुकान उघडताना पोचा, गाडी तोपर्यंत थंड असते आणि टेस्ट लगेच सुरू होते. आरसी बुकाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, पार्ट आणताना वर्ष आणि मॉडेल लागतं. शुक्रवारी दुपारी नमाजच्या वेळी दुकान थोडा वेळ बंद असतं, त्या दिवशी जाऊ नका, नाहीतर गाडी खोललेली आणि तुम्ही उन्हात उभे.